हातभर ढील

मी आज जो काही आहे, तो मंगरूळपीरच्या रफीकचाचांमुळे. आणि या रफीकचाचांच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी इतकी सैल आहे, की धुतलेली चादर जमिनीवरची धूळ झाडते.

चाचीनं ती दोरी कितीदा तरी ताणून बांधली. चाचा जाता-येता गाठ सोडतात आणि तिला पुन्हा हातभर ढील देतात. बकरीची दोरी तशीच. पायजम्याची नाडीही तशीच, म्हणून चालताना चाचांचा एक हात कायम कमरेवर असतो. एसटी दहाची असली की ते नऊला स्टँडवर हजर. विचारलं तर म्हणणार, "टाइमले बी ढील लागते, बाबू."

ही खोड धंद्यातून आलेली. चाचा फायबरचे जोड मारतात. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार. तिच्यातून प्रकाश धावतो आणि गावोगावी इंटरनेट पोचतं. मी आसेगावचा. कॉलेजात असताना चाचांच्या माडीवर राहायचो आणि सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जायचो. जोड झाला की चाचा जास्तीच्या फायबरचं वेटोळं करून डब्यात ठेवत. एकदा मानोऱ्याच्या रस्त्यावर ठेकेदार चिडला, एवढी फायबर वाया कायले घालता म्हणून. चाचा मान वर न करता म्हणाले, "उन्हाळ्यात तार फुगीन, हिवाळ्यात आकसीन. तवा तू येशीन काय ढील सोडाले?"

फिजिक्स म्हणजे काय, हे माझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं. चाचांनाही नव्हतं. पण मी पुढे शिकायला बाहेर जावं की नाही यावरून घरात अबोला झाला, तेव्हा चाचा आसेगावला आले, चहा प्याले आणि वडिलांना एवढंच म्हणाले, "पोराले ढील द्या, दादा."

आता मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत प्रकाशाचा एकेक कण मोजणारं यंत्र बनवतो. त्यात केसापेक्षा शेकडो पट बारीक अशी एक तार असते. ती उणे दोनशे सत्तर अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. फायबरमधून आलेला प्रकाशाचा एक कण जरी तिच्यावर पडला, तरी क्षणभर अडथळा येतो आणि मोजणी एकानं पुढे सरकते.

माझी मोजणी सरकतच नव्हती. फायबरचं टोक तारेसमोर नेमकं बसवावं, यंत्राचा डबा थंड करावा, की यंत्र आंधळं. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदाही झालं तर काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल, असं आमच्या मॅडमनी सांगितलं.

मी डबा उघडून बसलो. फायबर मी मोठ्या शहाणपणानं मापात कापून, सरळ, ताठ लावली होती. बघता बघता मला ती धूळ झाडणारी चादर आठवली. डब्यातलं सगळं थंडीनं कमी-जास्त आकसत होतं, आणि ताठ फायबरला ढील नसल्यानं तिचं टोक तारेसमोरून सरकत होतं. मी नवी फायबर घेतली, हातभर ढील ठेवली, वेटोळं केलं. दुसऱ्या दिवशी मोजणी सुरू झाली.

ईदला हे सांगायला मी मुद्दाम मंगरूळपीरला गेलो. चाचा ऐकत होते, पण नजर फोनवर होती. त्यांचा मुलगा इमरान हैदराबादला असतो. शिरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे ठेवत चाची म्हणाली, "सगळ्यायले ढील देली यायनं. आपल्या पोराले नाही देली. फोन लावला का एकच सवाल, धंदा सांभाळाले कधी येतो? आता तो उचलतच नाही."

चाचा उठले. अंगणात गेले आणि आधीच सैल असलेली दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले.

समोर बसून मला बोलता आलं नाही. परत आल्यावर पत्र लिहिलं:

"चाचा, सलाम.

यंत्र चालू आहे. मॅडमनी बाकीच्या डब्यांतही तुमच्यासारखं वेटोळं ठेवायला सांगितलं आहे.

तुम्ही माझ्या बाबांना जे सांगितलं, तेच आज मी तुम्हाला सांगतो, माफ करा. इमरानभाईंना फोन लावा. कधी येतो, हे विचारू नका. जेवला का, एवढंच विचारा. नाही उचलला तर रागावू नका, पुढच्या जुम्म्याला परत लावा. माझं यंत्रही तिसऱ्यांदाच चाललं.

तुमचा,
माडीवरचा विशाल"