पोहोचल्याची रिंग

खानझोडे काकांचा फोन वाजला तर ते उचलत नाहीत. नुसते बघतात, "पोहोचला," म्हणतात आणि फोन शर्टाच्या खिशात टाकतात. गैरसमज नको. फोन करणाऱ्यालाही त्यांनी तो उचलावा असं वाटत नसतं, कारण तो फोन बोलायला केलेलाच नसतो.

रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या गल्लीतून कोणीही, कशावरही बसून बाहेर निघालं की काका फाटकाचे गज धरून उभे असतात. "कुठी?" असं विचारतात. आपण ठिकाण सांगायचं. मग पुढचं वाक्य येतं, "पोहोचला की रिंग देजो." मी मंत्रालयात नोकरीला आहे. रोज ऑफिसच्या बसने नव्या रायपूरला जातो आणि जागेवर टेकायच्या आधी काकांना रिंग देतो. पलीकडचे कापडवाले भैया सदर बाजारातल्या दुकानाचं शटर उघडायच्या आधी देतात. त्यांची मुलगी कॉलेजातून परत आली की काकांच्या समोर, फाटकाच्या अलीकडे उभी राहून देते. काका तिच्याकडे बघत असतात, ती काकांकडे बघत असते आणि फोन वाजत असतो. "दिसणं वेगळं, कळवणं वेगळं," असं काकांचं म्हणणं आहे.

एकदा मी विसरलो. जेवणाच्या सुटीआधी साहेबांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, "आप पहुँच गए?" मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. काकांनी कुठून कुठून नंबर मिळवून थेट साहेबांना गाठलं होतं आणि माझी बस मधात कुठे उभी आहे का, अशी चौकशी केली होती. त्या दिवसापासून मी पुन्हा कधी विसरलो नाही.

या रिंगांचे कायदे आहेत. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोनदा दिली तर मधात थांबलो आहे, पण ठीक आहे. तीनदा म्हणजे काय, हे काका सांगत नाहीत. "तीनची पाळी येऊ नये कोणावर," एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. आता फोन करायला पैसे लागत नाहीत, सरळ बोलावं, असं मी त्यांना सुचवून पाहिलं. "बोललं की गोष्ट वाढते बाप्पा. पोहोचला का नाई, एवढंच पाहिजे मले."

हा रोग त्यांना रेल्वेत लागला. काका सेक्शन कंट्रोलर होते. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि कोणती गाडी कुठून सुटली, कुठे पोहोचली, हे एकेका स्टेशनाकडून ऐकत कागदावर रेघा ओढायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गाडी पुढच्या स्टेशनात आली की तिथला मास्तर मागच्या स्टेशनाला तशी खबर देतो. ती खबर येईपर्यंत मागच्याने दुसरी गाडी सोडायची नाही. काका निवृत्त झाले, हेडफोन उतरला, पण त्यांच्या डोक्यातल्या गाड्या चालूच राहिल्या आणि त्या गाड्या म्हणजे आम्ही.

गंमत अशी की सगळ्या गल्लीच्या येण्याजाण्याची काळजी वाहणारा हा माणूस स्वतः कुठेच जात नसे. काकू होत्या तेव्हा जात असे. त्या गेल्यानंतर काकांनी रायपूरची वेस ओलांडली नाही. त्यांची एकुलती मुलगी मेधा नागपूरला एका कंपनीत इंजिनिअर आहे. "पप्पा, चला ना थोडे दिवस," असं ती दर फोनवर म्हणायची. काकांचा कधी गुडघा दुखायचा, कधी टाकीत पाणी चढत नसायचं, कधी रेल्वेतल्या चादरी ओलसर असायच्या. जन्म रेल्वेत काढलेल्या माणसाने चादरीचं कारण सांगावं, याचं तिला वाईट वाटे. शेवटी तिने ठरवलं की अडचण रेल्वेचीच असणार, तेव्हा आपण मोटार घ्यायची आणि बापाला दारातून उचलून दारात उतरवायचं.

पण मेधा पडली वेगाची वेडी. साधी मोटार तिच्या नजरेतच भरेना. तेवढ्यात एका कंपनीने नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर जोरात पळणाऱ्या गाड्यांचा मेळावा लावला. स्वतःची नवी लाल गाडी आणि शेजारी प्रतिस्पर्धी कंपनीची निळी. लोकांनी दोन्ही चालवून बघाव्यात, ताडून बघाव्यात आणि शेवटी लालच घ्यावी, असा त्यांचा बेत. मेधाने स्वतःचं, काकांचं आणि माझं नाव दिलं. माझं कशाला, असं मी विचारलं. "काका, पप्पाले धरायले कोणी पाहिजे ना," ती मला म्हणाली.

ते तिने फार विचार करून म्हटलं होतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

मांडवात गाण्यांचा दणदणाट होता. भर उन्हात कोट घातलेला एक तरुण मॅनेजर पुढे आला. "अंकल जी, पलक झपकते ही सौ पे जाती है."

"सौ पे जाके क्या करती है?" काकांनी विचारलं.

"फिर उससे भी आगे जाती है."

"और पहुँचती कब है?"

मॅनेजर हसला. काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढून दोन्ही गाड्यांच्या ड्रायव्हरांना आपला नंबर वाटला. निघताना एक रिंग, पोहोचल्यावर एक. "अंकल, यहीं से जाएगी, यहीं आएगी, सामने तो दिख रही है," लाल गाडीचा ड्रायव्हर बिचारा समजावत होता. "दिखना अलग, बताना अलग," काका म्हणाले. मी दुसरीकडे बघायला लागलो, पण लोक आम्हा दोघांकडे बघत होते.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे पाह्य, मी मागच्या सीटवर बसतो. गाडी जोरात निघाली की मले रिंग देजो."

"कशाला काका?"

"वाजते का ते पाहतो."

लाल गाडी सुटली ती अशी गरजत की मांडवाचं कापड थरथरलं. मी रिंग दिली. गाडी वळसा घालून परत आली. काका उतरले तेव्हा त्यांचे केस उभे होते आणि चष्मा हातात होता. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "रिंग आलेली दिसते. ऐकू काही नाही आली."

"पप्पा, तो आवाजच तं भारी आहे त्या गाडीचा. लोकं त्या आवाजासाठी घेतात."

"मंग ते लोकं कळवतात कसे कोणाले," काका स्वतःशीच म्हणाले आणि निळ्या गाडीत जाऊन बसले.

निळी कमी पळत होती असं नाही, पण गुपचूप पळत होती. काका परत आले ते खूश होऊन. "पहिल्याच घंटीले ऐकू आली." वळणावर कोण चिकटून चालते, सीट कोणाची मऊ, डिकी कोणाची मोठी, असं लोक आजूबाजूला तावातावाने बोलत होते. काकांची तुलना संपली होती. "निळी घे," ते मेधाला म्हणाले. मॅनेजर कळवळला. "अंकल, वो तो हमारी गाड़ी ही नहीं है."

मेधाचा जीव मात्र लाल गाडीत अडकला होता. स्वतः चालवून बघितल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. काका खिडकीपाशी गेले. "रिंग?" "हव पप्पा, देते," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला शेजारी बसवून निघाली.

रस्ता पुढे अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या मागून जात होता. लाल ठिपका तिथे दिसेनासा झाला. आवाजही थोड्या वेळात विरला. आधीच्या फेऱ्यांच्या हिशोबाने एव्हाना गाडी इमारतींच्या दुसऱ्या बाजूने बाहेर यायला हवी होती. ती आली नाही. मॅनेजरने हातातला वॉकीटॉकी तोंडाशी धरला. त्यातून नुसती खरखर आली. "आ जाएगी, आ जाएगी," तो म्हणाला आणि रांग खोळंबू नये म्हणून निळ्या गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाला निघायची खूण केली.

काका कधी हलले ते मला दिसलंच नाही. दिसले ते निळ्या गाडीच्या नाकासमोर, दोन्ही हात आडवे पसरून.

"आगे की गाड़ी का अरायव्हल नहीं आया. ये नहीं छूटेगी."

"अंकल, हटिए."

"नहीं छूटेगी."

लोक हसले. दोघातिघांनी मोबाईल काढून चित्रीकरण सुरू केलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. त्यांना धरायला म्हणूनच तर मला आणलं होतं. मी पुढे जाऊन त्यांचा हात धरला आणि तो हात बर्फासारखा थंड लागला. भर उन्हात. काका माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांचे डोळे त्या इमारतींवर होते आणि ओठ हलत होते. माझी लाज तिथेच गेली. मीही त्या इमारतींकडे बघत उभा राहिलो. मेधाला मी फ्रॉकात पाहिलेलं आहे.

खिशातला फोन वाजला आणि थांबला.

काकांनी हात खाली घेतले नाहीत. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. आता मला कायदा माहीत होता. दोनवर राहू दे, दोनवर राहू दे, असं मी मनात म्हणत होतो. काकांच्या खिशाकडे मी बघत होतो, मॅनेजर माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मांडवातलं गाणंही कोणीतरी बंद केलं होतं. फोन तिसऱ्यांदा वाजला नाही.

"थांबली आहे," काका म्हणाले. "ठीक आहे." एवढं बोलून ते तिथेच, निळ्या गाडीच्या बॉनेटला टेकले. तरी गाडी सोडली नाहीच.

थोड्या वेळाने लाल गाडी आली. इमारतींमागच्या वळणावर गायी बसल्या होत्या आणि हॉर्नला दाद देत नव्हत्या. ड्रायव्हर उतरून हाकलत होता, मेधा गाडीत बसून रिंगा देत होती. त्या वळणावर मागून दुसरी गाडी वेगात आली असती तर काय झालं असतं? मॅनेजरने काकांना खुर्ची दिली आणि थंड पाणी आणून दिलं.

मेधा बापाच्या पायाशी बसली. "ठीक आहे पप्पा. निळीच घेते. आता तं याल नागपूरले?"

"पाहू," काका म्हणाले. "टाकीत पाणी चढून नाही राहिलं."

ती उठून मांडवाच्या कडेच्या नळापाशी गेली आणि उगाच बराच वेळ तोंड धूत राहिली. मला राग आला. "काका, ती पोट्टी तुमच्यासाठी एवढं करून राहिली. तुम्हाले भीती कशाची वाटते?"

"भीती नाही रे." ते पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. "गाडी पोहोचली की खबर कोणाले देतात? मागच्या स्टेशनाले. मी ड्युटीवर पोहोचलो की घरी एक घंटी वाजवो. तुझी काकू उचले नाही. तिले समजे. आता मी नागपूरले पोहोचलो, तं रिंग देऊ कोणाले? मेधा तं पुढं आहे, तिच्यापाशीच जाणार. मागं कोण आहे माझं?"

इतकी वर्षं आम्ही सगळे या माणसाच्या रिंगांना वैतागत आलो होतो. एवढी गल्लीभर माणसं रोज यांना कळवतात, आणि यांनी कोणाला कळवावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

पुढे निळी गाडी आली. मेधा ती घेऊन एका सकाळी दारात उभी राहिली. काका फाटकाच्या आत. प्लंबर यायचा आहे, गुडघा सकाळपासून धरला आहे, वगैरे चालू होतं. मेधाचा चेहरा उतरत चालला होता. मी घरातून निघालो आणि काकांच्या फाटकापाशी जाऊन बाहेरच्या बाजूने गज धरले, अगदी ते धरतात तसे.

"कुठी?" मी विचारलं.

काका बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नागपूर."

"पोहोचले की रिंग द्या."

ते आत गेले. मला वाटलं आता काही येत नाहीत. पण लगेच बाहेर आले, हातात बॅग घेऊन. ती भरलेली होती. कधीपासून भरून ठेवली होती कोण जाणे. कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. जाता जाता काच खाली करून म्हणाले, "उचलजो नको."

मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. पेपर वाचला, त्यातलं एक अक्षर कळलं नाही. दुपारी दोन रिंगा आल्या, म्हणजे जेवायला थांबले असतील. त्यानंतर काही नाही. बायको म्हणाली, सरळ फोन करून विचारा ना. मी म्हणालो, बोललं की गोष्ट वाढते. फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. काका रोज सगळ्या गल्लीसाठी हेच करतात आणि आम्ही त्यांना चिडवतो.

ऊन कललं तेव्हा फोन वाजला. काकांचं नाव दिसत होतं. मी हात मागे घेतला. एक रिंग म्हणजे एक रिंग, असा दंडक घालणाऱ्या माणसाने ती वाजू दिली, वाजू दिली, पार आपोआप बंद पडेपर्यंत वाजू दिली.

"कोण?" बायकोने आतून विचारलं.

"पोहोचले," मी म्हणालो आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला.