दहाव्या धुनेचा रसिक

जुन्या व्हिडिओ गेममधल्या संगीताचं आपल्याइतकं ज्ञान चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून दोन जिल्ह्यांत कुणाला नाही, असं प्रणितचं ठाम मत होतं. ते खोडून काढायला कुणी पुढे आलं नव्हतं, कारण या विषयावर दोन जिल्ह्यांत दुसऱ्या कुणाला मतच नव्हतं.

अपवाद कैफचा. चंद्रपुरात त्याचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत या दोन मित्रांचा रीमिक्स अल्बम शिजत होता. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या खेळांतल्या दहा धुना, त्यांना नवा ठेका. नऊ ठरल्या होत्या. सगळ्या कैफच्या पसंतीच्या, म्हणजे ऐकताच तिशी ओलांडलेल्या माणसाचे अंगठे आपोआप हलायला लागतात अशा.

दहावीवर घोडं अडलं.

प्रणितला हवी होती मधाची पोळी काढणाऱ्या अस्वलाच्या खेळातली धून. खेळाचं नाव कुणालाच ठाऊक नाही, कारण पिवळ्या कॅसेटवरचा कागद पहिल्याच उन्हाळ्यात निघून गेला होता. ही धून वाजायची आठव्या टप्प्यावर, आणि तिथवर प्रणितच्या लहानपणी एकदाच पोचली होती ती त्याची मोठी बहीण दिव्यानी, लग्न होऊन कोरपन्याला जायच्या आदल्या उन्हाळ्यात. दोघं भावंडं श्वास रोखून बसली होती. अस्वल मेलं तेव्हा दिव्यानी चक्क रडली. ती धून पुन्हा ऐकायची म्हणून प्रणितने गेल्या वर्षी चार महिने ते अस्वल पळवलं होतं. त्याच्या लेखी जगात याहून गोड काही वाजलेलं नव्हतं.

"अबे, कोण ऐकल हे?" कैफ म्हणाला. "तू अन् तुही बहीण."

"लोकाइले माहीत नाई, म्हणून तं द्यायची."

"अन् मधूनच ते किर्र काय वाजते? दात कोरून राह्यल्यावानी."

"अस्वल पोळ्यापाशी आलं का वाजते ते. तुले नाई समजणार."

शेवटी तोड निघाली. धून आठ दिवस इंटरनेटवरच्या त्यांच्या चॅनलवर एकटी टाकायची. एका तरी अनोळखी माणसाला ती आवडली तर अल्बममध्ये घ्यायची, नाहीतर अस्वलाला कायमचा रामराम.

पहिल्या दोन दिवसांत ती तिघांनी ऐकली. तिघांनी म्हणजे प्रणितने, दिव्यानीने आणि पुन्हा प्रणितने. तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा दोनशेवर गेला. चौथ्या दिवशी चारशेवर. पाचव्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलं होतं, "मस्त आहे. किर्रवालं जास्त टाका." आणि त्याखाली अर्ज लिहावा तसं नाव, गाव, तालुका पोंभुर्णा.

प्रणितचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्याने बाजारातून शाल आणली, नारळ आणला.

"शाल कायले?" कैफने विचारलं.

"एवढा मोठा रसिक जंगलात पडून आहे. त्याचा सत्कार नको कराले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकल पोंभुर्ण्यापुढच्या त्या गावात शिरली. ते लिहिणारे वारलूभाऊ अंगणात बसले होते, साठीचे, अंगात बंडी. शहरातले दोघं जण, त्यातला एक मोबाईलने आपल्या घराचा फोटो काढतोय, हे पाहून ते लगबगीने उठले आणि त्यांनी आत आवाज दिला, "सुगंधा, चहा मांड. पंचनाम्यावाले आले."

पंचनामा कसला, हे विचारण्याचं भान प्रणितला नव्हतं. तो पुढे होऊन म्हणाला, "भाऊ, धून तुमाले कशी वाटली ते सांगा फक्त."

"धून? बेस आहे. पोळ्याच्या सणापासून लावून राह्यलो असतो तं एवढं नुकसानच झालं नसतं."

"मनाचं नुकसान," प्रणित कैफच्या कानाशी पुटपुटला. "कोणता भाग जास्त आवडला?"

"ते किर्र. ते आलं का सारे एकदम उठते."

"उभे राहून ऐकते?" प्रणितच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकते कायचे. पळते."

"कोण?"

"डुक्करं, साहेब. रानडुक्करं."

वारलूभाऊ दोघांना घरामागच्या धानाच्या बांधीवर घेऊन गेले. खांबाला भोंगा, भोंग्याला बॅटरी आणि बॅटरीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत पोराचा जुना मोबाईल. अंधार पडला की लावायचा, रात्रभर तीच धून पुन्हापुन्हा वाजवायची, उजाडलं की काढायचा.

"पह्यले माणसाचा आवाज लावला. दोन दिवसांत आदत पडली त्याइले. मंग पोरानं हे शोधून देल्लं. ह्याची आदत काही पडत नाई."

कैफने रुमाल तोंडात कोंबला. प्रणित शालीची पिशवी पोटाशी धरून बांधावर बसला. दिव्यानी ज्यासाठी रडली होती, ते संगीत ऐकून डुकरं गाव सोडत होती. त्याला खरंच वाईट वाटलं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

वारलूभाऊ तोवर वाकून भोंग्याची वायर आवळायला लागले होते. वायर आवळता आवळता ते गुणगुणत होते. तीच धून, अगदी सुरात. किर्र आलं तिथे त्यांनी जिभेने किर्र केलं आणि पुढची ओळ उचलली.

"हे असंच चालते," चहा घेऊन आलेल्या सुगंधाबाई म्हणाल्या. "आंघोळीलेही तेच, जेवतानीही तेच. बाप्पा, मलेही आता त्याच्याबिगर झोप लागत नाई."

कैफने तोंडातला रुमाल काढला. "घे बे," तो हळूच म्हणाला. "एक नाई, दोन भेटले. दहावी पक्की."

मग प्रणितने उठून वारलूभाऊंना शाल पांघरली, नारळ दिला. पंचनाम्याची ही नवी पद्धत भाऊंना फार आवडली.

अल्बम दिवाळीत आला. दहाव्या धुनेखाली आता रोज कुणीतरी लिहितं, सोबत गाव आणि तालुका. परवा एकाने विचारलं, माकडांसाठी कोणती लावावी? प्रणितने नीट विचार करून, जाणकाराच्या अधिकाराने कळवलं की पाचवी लावून पाहा. पाचवी म्हणजे कैफची सर्वांत लाडकी.

चार दिवसांनी उत्तर आलं. पाचवीने माकडं जात नाहीत. उलट पलीकडच्या गावची येऊन भोंग्याखाली बसतात.

कैफने ते उत्तर छापून दुकानात लावलं आहे. "पाह्य," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "पब्लिकले काय पायजे, ते मले समजते."