साहेबांनी विझवलेली चूल

बाबांना सहलीला न्यायचं मुलीने ठरवलं आणि त्यासाठी थापही तिनेच मारली. "तुमची मंडळी म्हणतायत, साहेब आले नाहीत तर बस हलणार नाही." मंडळी असलं काही म्हणाली नव्हती. पण बाबा उठले आणि बूट घालू लागले.

बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले अधिकारी, आणि मंडळी म्हणजे त्यांच्या हाताखालचे, आता तेही निवृत्त झालेले जवान. नोकरीभर त्यांनी आगी विझवल्या, पेटवली मात्र एकही नाही. घरातला गॅससुद्धा आईच लावायची. आईला जाऊन आता चार महिने होत आले होते. मुलीने वाढवता येईल तेवढी रजा वाढवली होती आणि सोमवारी तिला तिच्या शहरात कामावर हजर व्हायचं होतं. "गॅस लावायला शिकवते, या," असं ती रोज म्हणायची. "राहू दे. मी पाव खाईन," असं ते रोज म्हणायचे, आणि त्यापलीकडे दिवसभर फारसं बोलायचे नाहीत. नुसत्या पावावर राहणार असलेल्या माणसाला एकटं टाकून जायचं कसं, हे काही तिला उमगत नव्हतं.

सहल एका संग्रहालयाला होती. ते म्हणजे उघड्या माळावर वसवलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं अख्खं गाव होतं. गवताची छपरं, विहीर, लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, आणि जुन्या पद्धतीचे कपडे घालून वावरणारे गावकरी. त्यांना त्या काळानंतरचं काहीही माहीत असायला मनाई होती. फाटकावरच सगळ्यांच्या काड्यापेट्या आणि लायटर काढून घेतले गेले.

बंबावर ड्रायव्हर असलेल्या आणि आवाजामुळे भोंगा म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या काकांनी लोहाराला गाठलं.

"काय हो, पगार किती?"

"पगार म्हणजे काय, पाहुणे? वर्षाला दोन पोती धान्य मिळतं."

"आणि पेन्शन?"

लोहाराने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तीच तर बोंब आहे."

बाबा मात्र कुणात मिसळत नव्हते. हात मागे बांधून ते एकेका झोपडीत डोकावत चालले होते. एका झोपडीशी ते थबकले. आत चूल धगधगत होती, वर वाळक्या गवताचं छप्पर, बाजूला पेंढ्यांचा ढीग, आणि जवळ चिटपाखरू नाही. चुलीवाली बाई शेजारी मीठ मागायला गेली होती.

"पाणी सोडा!"

चार महिन्यांत मुलीने हा आवाज ऐकला नव्हता. मंडळींनी तर निवृत्तीनंतर ऐकला नव्हता. पण तो कानावर पडताच गुडघेदुखीवाले, मोतीबिंदूवाले, नुकतेच दात बसवून घेतलेले, सगळे जिथे होते तिथून धावले. का, कशाला, हे कुणी विचारलं नाही. विहिरीपासून झोपडीपर्यंत रांग लागली. पोहरा, घागरी, कुंभाराची वाळत ठेवलेली मडकी, हाताला लागेल ते भरून पुढे सरकू लागलं. शिडीवर चढण्यात ज्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं ते शिडीकाका शिडी नसताना छपरावर पोचले. मुलीच्या हातातही एक घागर आली. ती तिने पुढे दिली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपणही रांगेत आहोत.

चुलीवाली परत आली तेव्हा तिच्या घरातून ओढा वाहत होता.

"आग आटोक्यात आहे," भोंगाकाका छाती फुगवून म्हणाले. "घाबरू नका, बाई."

"अहो, ती चूल होती!"

त्या चुलीवर अख्ख्या गावाचा संसार चालला होता. लोहार निखारे तिथूनच न्यायचा, कुंभाराची भट्टीही त्यावरच. आणि तिकिटात धरलेलं मंडळींचं जेवण त्याच चुलीवर शिजायचं होतं.

"मग पेटवा की परत," शिडीकाका छपरावरून म्हणाले. त्यांना आता उतरता येत नव्हतं.

"गारगोटी आहे," बाई म्हणाली, "पण येतंय कुणाला? संग्रहा... आपलं, गाव वसल्यापासून ही विझलेलीच नाही. पणजीने पेटवलेली."

"फाटकावरून काड्यापेटी आणतो," भोंगाकाका म्हणाले.

"काड्यापेटी म्हणजे काय?" गावचा कारभारी कडाडला. मग त्याने पागोटं सावरून तिथल्या तिथे न्याय दिला, "विझवली ज्याने, पेटवेल तोच. तोवर कुणाला जेवण नाही."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मुलीकडे पाहिलं.

"मला नाही येत," ते म्हणाले. ती पुढे सरकली. तिच्या हातात गारगोटी दिली असती तर तिनेच काहीतरी खटपट केली असती. पण बाबांनी ती मुठीत आवळली होती.

ठिणग्या पडू लागल्या, पण जे पेटायचं ते सगळं मंडळींनी मनापासून भिजवलेलं होतं.

"जोरात मारा, साहेब!"

"वारा अडवा!"

"वारा कसला अडवता, वारा येऊ द्या!"

"गप्प बसा सगळे," बाबा म्हणाले आणि उकिडवे बसले. नोकरीभर आगीला जे जे म्हणून मिळू दिलं नव्हतं, ते ते आता तिला द्यायचं होतं. त्यांनी पेंढीच्या पोटातलं कोरडं गवत उपसलं, त्याचं घरटं केलं, त्यावर ठिणगी झेलली आणि घरटं ओंजळीत घेऊन फुंकू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर होता म्हणून कुणी काही बोललं नाही.

जाळ उठला, आणि भोंगाकाकांचा हात सवयीने घागरीकडे गेला.

"खबरदार!" बाबा ओरडले. "पाण्याचा एक थेंब आत आला तर याद राखा!"

जेवण व्हायला संध्याकाळ झाली. शिडीकाकांना त्यांचं छपरावरच पोचवलं गेलं. बाबा शेवटपर्यंत चुलीपाशी बसून होते. बाई म्हणाली, आता बघते मी. तरी ते उठेनात. शेवटी बसच्या ड्रायव्हरनेच आत येऊन त्यांना नेलं.

परतताना बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती. बाबांच्या अंगाला धुराचा वास येत होता आणि भुवया जरा कमी झाल्या होत्या. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "चहाला आधी काय टाकतात? दूध का साखर?"

ती उत्तर देणार, इतक्यात पुढच्या सीटवरून भोंगाकाका वळले. "दूध, साहेब!"

"काहीतरीच! पावडर आधी," मागून कुणी म्हणालं.

"पाण्याला उकळी येऊ द्यायची का नाही?"

"साखर शेवटी!"

बस भांडू लागली. आयुष्यात एकदाही चहा न केलेली ती सगळी माणसं एकमेकांना चहा शिकवत होती, आणि बाबा मान डोलावत एकेकाचं नीट ऐकून घेत होते.

मुलीने सांगायचं राहूच दिलं. सोमवारच्या गाडीची वेळ तेवढी तिने पुन्हा एकदा पाहून घेतली.