आधी सत्कार, मग कडा

माणूस कड्यावरून पडतो तो चढल्यामुळं. न चढलेला माणूस कड्यावरून पडल्याचं आजवर ऐकिवात न्हाई. तरीही माणूस चढतो, आणि म्हणूनच समित्या लागतात.

हळ्ळीखेड (बी)कडून आत वळलं की आमचं गाव, आणि गावामागं जांभ्या दगडाचा उभा कडा. असा कडा तालुक्यात दुसरा न्हाई. (दुसऱ्या गावांचे कडे आम्ही धरत न्हाई.) पूर्वी त्यावर फक्त शेळ्या चढत. मग मोबाइल आले, माणसं बिनदोराची चढू लागली, आणि दोरविरहित आरोहण समिती स्थापन झाली. मी तिचा सचिव.

दोर लावून चढणाऱ्याकडं बघताना जांभई येते. बिनदोराच्याकडं बघताना हातातला चहा गार होतो. समितीच्या अंदाजानुसार निम्मे प्रेक्षक माणूस वर पोचावा म्हणून येतात. उरलेल्यांना कुणी विचारलेलं न्हाई.

सुरक्षेत मात्र आम्ही कसूर करत न्हाई. दरवर्षी चांगला जाडजूड दोर आणतो आणि गर्दी अडवायला बांधतो. (एकदा रेटारेटीत पाहुण्यांची चप्पल हरवली होती.) दुसरी खबरदारी सत्काराची. बाकीची गावं माणूस उतरल्यावर सत्कार करतात; आम्ही चढायच्या आधी करतो, कारण नंतर सत्कार घ्यायला तो जागेवर असंलच याची हमी कुठलीच समिती देऊ शकत न्हाई. फेटा आणि शाल अंगावर ठेवूनच चढायचं, काढली तर देणाऱ्याचा अपमान होतो. नारळ खाली ठेवायची मुभा आहे.

यंदाचा मान माउलीला. मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान, आणि लग्न नुकतंच झालेलं. बायको अंजू औरादकडची. तिकडं माणसं जमिनीवरच मोठी होतात, त्यामुळं तिला आमचा उत्सव समजायला जड गेला. दोर लावून चढा, असं तिनं घरात सुचवलं म्हणे. दोर लावला तर उद्या माझ्याकडं हवा भरायला लोक कामून येतील, असं माउलीनं तिला समजावलं.

माउली चढला मात्र देखणा. अर्ध्यावर गेला आणि थांबला. फेटा सुटून डोळ्यांवर आला, शालीचं टोक कपारीत अडकलं, पायाखालचा जांभा भुरभुरायला लागला. हात सोडला तर शाल निघाली असती, पण तिच्याबरोबर माउलीही निघाला असता. खाली अध्यक्ष अमृतप्पा अण्णांनी माइकवरून कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत जाहीर केलं की माउली विश्रांती घ्यायलाय. टाळ्या पडल्या. सगळे मोबाइल वर गेले.

अंजू मंचाजवळ आली. ती ओरडली न्हाई, म्हणून आधी कुणाचं लक्ष गेलं न्हाई.

"अण्णा, तो दोर सोडा. मागच्या वाटेनं वर नेऊन त्यांना देऊ."

अण्णांनी अडचण शांतपणे मांडली. दोर सोडला तर गर्दी आत घुसंल, पाहुण्यांची गैरसोय होईल. शिवाय दोर लावल्यावर आरोहण दोरविरहित कसं राहील? समितीचं नावच बदलावं लागंल.

"मग नाव बदला," अंजू म्हणाली. "माझा नवरा तेवढा राहू द्या."

आणि तिनं स्वतःच गाठी सोडल्या. गर्दी आत घुसली न्हाई. सगळे शूटिंग करायलेले. दोघा शेळीवाल्यांना घेऊन ती वर पळाली, लिंबाच्या झाडाला दोर बांधला, खाली सोडला. माउलीनं तो चाचपडत कमरेला आवळला आणि तिघांनी त्याला वर ओढून घेतलं. शाल कपारीतच राहिली. अंजू त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मी सचिव असूनही मला हायसं वाटलं.

समितीकडं मात्र तक्रारींचा पाऊस पडला. ऐन रंगात बाईनं घोळ घातला, असं बहुतेकांचं म्हणणं. व्हिडिओ कुणी शेवटपर्यंत बघंना. एका पाहुण्यानं मला आवर्जून फोन करून पुढं काय झालं ते विचारलं. काही न्हाई, जेवला आणि झोपला, असं सांगितल्यावर त्यांचा आवाजच उतरला.

मी त्यांना दोष देत न्हाई. माउली अर्ध्यावर लटकला तेव्हा तुम्हीही जरा सरसावून बसलात, आणि तो सुखरूप वर आला तिथं तुमचंही काहीतरी हुकलंच की. लाजू नका. खास तुमच्यासाठीच समिती पुढच्या वर्षीपासून पहिल्या रांगेत खुर्च्या वाढवायलीय.