सेवाज्येष्ठतेनुसार बेसबॉल

श्रीनिवास नामजोशींचा संघ बाराव्या क्रमांकावर होता, आणि स्पर्धेत संघच मुळी बारा होते.

कर्वेनगरात एकट्यानं राहणाऱ्या नामजोशींना टॅबवर हा बेसबॉलचा खेळ अमेरिकेतल्या केदारनं, त्यांच्या मुलानं, गेल्या महिन्यात घालून दिला. यात बॅट हातात धरायची नाही. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, एवढंच ठरवायचं. "बाबा, माझी पण टीम आहे यात. रोज भेट होईल आपली," केदार म्हणाला होता. झालं! रोज भेट होणार म्हटल्यावर रविवारचा फोन बंद पडला. आणि आता आठवड्याअखेर शेवटच्या संघाला स्पर्धेतून काढणार होते. म्हणजे उरलीसुरली भेटही गेली.

शेवटी नामजोशींनी शेजारच्या श्रद्धाला हाक मारली. ती यवतमाळची, नोकरी हिंजवडीला, आज घरूनच काम करत होती.

"काका, नवशिक्यांसाठीच्या सूचना वाचल्या का?"

"प्रिंट काढून आणली." त्यांनी कागद पुढं केला. 'वय नको, फॉर्म बघा' या ओळीपुढं लाल शाईत 'अमान्य' असा शेरा होता.

"पण ही काय टीम आहे? पहिला एक्केचाळीस वर्षांचा, दुसरा चाळीस, तिसरा एकोणचाळीस..."

"सेवाज्येष्ठता. तीस वर्षं आस्थापना शाखेत याद्या केल्यात मी. एकावरही हरकत आली नाही."

"आणि चेंडू फेकायला रोज एकच पिचर? त्याला चार दिवस आराम द्यायचा असतो, काका!"

"त्याची रजा शिल्लक नाही."

श्रद्धानं कपाळाला हात लावला. "बरं, निदान या मॉरिसला तरी बसवा. एक्केचाळीसचा आहे, धावता येत नाही त्याला."

"बसवू? कुठं जाईल तो?" नामजोशी एकदम भडकले. "घरी बसून माणसानं काय करायचं असतं, तुला काय ठाऊक?"

श्रद्धा हळूच म्हणाली, "एकच दिवस, काका. आज केदारदादाशी मॅच आहे ना?"

बऱ्याच घासाघिशीनंतर मॉरिसला एक दिवसाची विशेष रजा मंजूर झाली.

"आता साडेसहाला केदारचा संघ येईल बघ," नामजोशी कौतुकानं म्हणाले. "शाळेत असताना रोज बस चुकवायचा. तिकडं जाऊन वेळ पाळायला शिकला. एक मिनिट मागंपुढं नाही."

ठोक्याला साडेसहा वाजता केदारचा संघ आला. नामजोशी पाच-दोननं जिंकले, अकरावे आले आणि चक्क टाळ्या वाजवायला लागले. श्रद्धा मात्र टॅबवर काहीतरी शोधत होती.

"काका, ही टीम ऑटोवर आहे. कॉम्प्युटरच लावतो रोज साडेसहाला. केदारदादा सव्वीस दिवसांत आलेलाच नाही."

नामजोशींनी चष्मा काढून पुसला. स्वच्छ होता तरी पुन्हा पुसला. गेला महिनाभर ते सहालाच चहा उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या टॅबपुढं बसत होते. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं त्यांना.

"फोन लावा," श्रद्धा म्हणाली.

"कामात असेल तो."

"लावा म्हणते ना!"

फोन लागला. "बाबा? बरे आहात ना?"

"तू खेळ सोडलास."

"मी? अहो, आधी तुम्हीच सोडलात! पहिल्याच आठवड्यात बघितलं, तुमची टीम वयाच्या उतरत्या क्रमानं लागलेली. माणूस कधी अशी टीम लावतो का? म्हटलं, बाबांना कंटाळा आला, ऑटोवर टाकून मोकळे झाले. मग मी एकट्यानं कुणाशी खेळायचं?"

"विचारायचंस."

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"



"उद्या खेळशील?" नामजोशींनी विचारलं.

"खेळेन की."

"मग एक कर. साडेसहाला संघ लावू नकोस. जरा उशीर कर."

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले, काही नाही. पावणेसात झाले, तरी नाही. नामजोशी शांतपणे बसून होते. सहा बावन्नला केदारचा संघ आला, तोही पिचरच्या जागी भलताच माणूस घालून. उशिराबद्दल खुलासा न मागण्याची नामजोशींची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्यांनी मॉरिसला रजेवरून परत बोलावलं आणि यादीत पहिला घातला.

मिनिटभरात केदारचा फोन आला.

"बाबा, परत मॉरिस?"

"हो. आणि तुझं जेवण नीट चाललंय ना?"