नावाड्यांचा संप आणि दप्तर क्रमांक एकशे अठरा

इतिहासाच्या पदव्युत्तर विभागात दर वर्षी निदान एक प्रबंध नावाड्यांच्या संपावर होतो आणि तो होऊ नये असं आजवर कोणालाही वाटलेलं नाही. पुलाची जागा पाहायला आलेल्या बड्या साहेबाला नदीपार नेण्यास नावाड्यांनी नकार दिला, साहेब दिवसभर काठावर उन्हात बसला आणि हात हलवत परत गेला, अशी ती हकिकत. तिच्यावर त्रेचाळीस प्रबंध झाले होते. संपाची कारणे, संपाचे परिणाम, संपातील स्त्रियांचा सहभाग, संपकाळातील आहार.

चव्वेचाळिसावा विभागातल्या एका विद्यार्थिनीच्या वाट्याला आला. ‘संपातील मौनाचे स्थान’ हा विषय मार्गदर्शक सरांनीच दिला, कारण उरलेला तेवढाच होता. महिनाअखेर प्रबंध गेला नाही तर पदवी लांबणार आणि कॉलेजातली ठरलेली अध्यापकाची जागा दुसऱ्या कोणाच्या पदरात पडणार. वडील निवृत्त शाळामास्तर. त्यांनी ती नोकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना केव्हाच सांगून टाकली होती.

घोडचूक तिने पहिल्याच आठवड्यात केली. ती अभिलेखागारात गेली.

“दप्तर क्रमांक एकशे अठरा?” दप्तरदार म्हणाला. “त्यासाठी इथवर कशाला आलात? प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी असतं की ते.”

“मला आतले कागद बघायचेत.”

“आतले?” म्हणत तो खुर्चीतून उठला. तो उठला ही गोष्ट तिथल्या नोकरवर्गाने पुढे बरेच दिवस एकमेकांना सांगितली.

दप्तर कोणी कधी उघडलं याची नोंद करायची चिठ्ठी वरच बांधलेली होती. ती कोरी होती. आत नऊ कागद निघाले. तिने पुन्हा मोजले, तरी नऊच. त्रेचाळीसही प्रबंधांत मात्र संदर्भ एकच होता: दप्तर एकशे अठरा, पान तीनशे बेचाळीस.

त्या नऊ कागदांवर नावाड्यांचे अर्ज होते. ‘होड्या दुरुस्तीस नेल्याला दोन महिने झाले. आम्ही काठावर बसून आहोत. साहेब येणार असे कळते, तरी निदान एक होडी परत मिळावी, म्हणजे त्यांस पार नेता येईल.’ प्रत्येक अर्जाखाली कचेरीचा शेरा होता, ‘विचार होईल.’ तिला आधी हसू आलं, मग तिने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचले. ही माणसं काम द्या म्हणून हात जोडत होती आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांना काम नाकारल्याबद्दल डोक्यावर घेतलं होतं. थोडा आनंदही झाला. इतिहासात नवीन काही सापडलं की आपलं भलं होतं, असा त्या बिचारीचा समज होता.

तिने उतरवून आणलेल्या अर्जांच्या नकला सरांनी वाचल्या आणि उठून दार लावून घेतलं.

“सर, संप झालाच नव्हता.”

“हळू बोल. माझा प्रबंध कशावर आहे?”

“संपाच्या कारणांवर.”

“आणि विभागप्रमुख बाईंचा?”

“परिणामांवर.”

“कारणं आहेत, परिणामही आहेत. मग मधलं तेवढं नव्हतं म्हणतेस?”

“पण सर, पान तीनशे बेचाळीस तिथं नाहीच आहे.”

“ते मी माझ्या सरांच्या प्रबंधातून घेतलं. त्यांनी त्यांच्या सरांच्या. आता काय गुरुजनांवर संशय घ्यायचा?”

खोटं लिही असं तिला कोणीही सांगितलं नाही, हे विभागाच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. रीतसर समिती नेमली गेली. तीन बैठकांनंतर ठराव झाला: ‘संदर्भ व दप्तर यांत तफावत आढळते. संदर्भ त्रेचाळीस असून दप्तर एक आहे. सबब दप्तर दुरुस्त करण्यात यावे.’ नऊ कागद विषयाशी असंबद्ध ठरवून रद्दीत काढले. त्यांच्या जागी त्रेचाळीस प्रबंधांतली निवडक तीनशे एक्केचाळीस पानं घातली. उरलेलं शेवटचं पान लिहिण्याचं काम तिला मिळालं, कारण दप्तर प्रत्यक्ष पाहिलेली तज्ज्ञ व्यक्ती विभागात तीच एक होती.

“जरा जुन्या वळणाचं लिही,” बाई म्हणाल्या. “खाली सह्या नकोत, अंगठे ठेव. नावाडी होते ते.”

“बाई, ती माणसं काम मागत होती हो.”

“मागत असतील. पण काम मागणाऱ्यांवर प्रबंध कोण लिहिणार? तसले बाहेर ढिगाने आहेत.”

तिने दोन दिवस जेवणाला नाही म्हटलं, तिसऱ्या दिवशी पान लिहिलं. वर्ग पहिला मिळाला, नोकरीही मिळाली. वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने त्याच संध्याकाळी त्यांना सगळं सांगून टाकलं.

“तीस वर्षं त्या संपाचा धडा शिकवला मी,” ते म्हणाले. “पोरं ताठ बसायची ऐकताना. आणि तू म्हणतेस होड्या दुरुस्तीला होत्या? पुरावा कुठाय?”

दुसऱ्या दिवशी ती अभिलेखागारात धावली. रद्दी गेली होती, आणि घरी ठेवलेल्या नकला समितीने आधीच मागवून घेतल्या होत्या. “इथं रद्दी काढणं तेवढं एकच काम वेळेवर होतं,” दप्तरदार म्हणाला.

शेवटी कॉलेजातल्या पहिल्याच तासाला तिने मन घट्ट करून वर्गाला खरं काय ते सांगितलं. अर्जाचा मजकूर पाठ होता, तो शब्दन् शब्द म्हणून दाखवला. आता प्रश्न येतील, कोणीतरी कागद दाखवा म्हणेल, तक्रार जाईल, नोकरीही जाईल, ही भीती तिला होतीच. साठ मुलांनी माना खाली घालून सगळं उतरवून घेतलं. एकाने हात वर केला तेव्हा, निदान एकाला तरी शंका आली म्हणून, तिचा जीव भांड्यात पडला. त्याला फक्त हे परीक्षेला आहे का, एवढंच विचारायचं होतं.

तुम्ही त्या मुलांना नावं ठेवाल. पण तुम्ही तरी कुठे काही विचारलंत? सरांना हसलात, नावाड्यांसाठी हळहळलात, नऊ कागदांवर डोळे मिटून विश्वास ठेवलात. ते दप्तर मीही पाहिलेलं नाही. त्या वर्गातल्या एका मुलाने मला हे सगळं आपल्या वहीतून वाचून दाखवलं.