तिसरी बाटली

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकून या गावच्या दुधात कुणी भेसळ करून दाखवावी. मिशी उतरवीन मिशी!" असं नळीसाहेब दर सोमवारी कचेरीत जाहीर करायचे आणि मग ती मिशी दोन्ही बाजूंनी पिळायचे.

नळीसाहेब म्हणजे नगरपालिकेचे दूध निरीक्षक. दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी त्यांच्या कोटाच्या खिशातून कायम डोकावत असायची, म्हणून गावाने हे नाव ठेवलेलं. त्या काळी दुधाच्या बाबतीत नगरपालिकेचा शब्द शेवटचा. परवाना तिचा, गाडीवर रंगवलेला नंबर तिचा, आणि तो नंबर पुसायचा अधिकारही तिचाच! साहेब नाक्यावर दिसले, की निम्मे दूधवाले गल्ली बदलायचे.

घरात मात्र त्यांना कुणी घाबरत नव्हतं. बायको तर मुळीच नाही.

"अहो, बघा तरी या बाटल्या!" ती रोज सकाळी दूध घेताना म्हणायची. "कशा लखलखताहेत! दोनदा उकळत्या पाण्यातून काढतात म्हणे. इतका टापटिपीचा पुरुष मी जन्मात पाहिला नाही!"

जन्मात! म्हणजे लग्नानंतरची बारा वर्षंही त्यात आलीच की! बारा वर्षं साहेब गावाचं दूध तपासत होते, आणि बायकोने त्यांच्या कामाबद्दल एकदा, फक्त एकदा, 'छान' म्हटलं असतं तर शपथ! आणि हा कोण कुठला ढकलगाडीवाला दूधवाला, त्याचं रोज कौतुक! साहेबांच्या पोटात दुखायला लागलं. मत्सर म्हणतात तो हाच, हे त्यांना कळत होतं. पण कळून पोटदुखी थोडीच थांबते?

त्यांनी आठ दिवस लागोपाठ त्याच्या दुधात नळी सोडली. आठही दिवस दूध उत्तम! साहेबांचा पारा आणखी चढला. इतकं चांगलं दूध देणारा माणूस सरळ असणंच शक्य नाही, असं त्यांचं मत झालं.

दरम्यान त्यांनी स्वतःकडेही लक्ष दिलं. गुलाबाच्या वासाचं तेल आणलं आणि सकाळ-संध्याकाळ असं काही चोपडलं, की बाटली आठ दिवसांत रिकामी!

"कसा दिसतोय?" त्यांनी भांग पाडून विचारलं.

"जरा खिडकी उघडा," बायको म्हणाली.

झालं! नळी नको की काही नको, आता रीतसर नमुनाच घ्यायचा, असं साहेबांनी ठरवलं. रीत अशी, की साक्षीदारासमोर दूध विकत घ्यायचं, ते टिकावं म्हणून औषधाचे थेंब टाकायचे, तीन बाटल्यांत भरून लाखेचं सील ठोकायचं. एक बाटली प्रयोगशाळेला, एक कचेरीला, एक दूधवाल्याला.

सकाळी गाडीची घंटा वाजली. साहेब तीन बाटल्या घेऊन जिन्यावरून असे धावले, की एक पायरीवर आपटून फुटली. आता? कचेरीत जाऊन दुसरी आणेपर्यंत गाडी पार पुढे जायची! त्यांनी न्हाणीघरातली रिकामी तेलाची बाटली उचलली, नळाखाली दोनदा खळखळवली, उजेडात धरली. चकाचक!

साक्षीदार म्हणून शेजारचे शिंपीकाका सुईदोऱ्यासकट खाली आले. दूध भरताना दूधवाल्याने अदबीने विचारलं, "साहेब, बाटल्या उकळून घेतल्यात ना?"

"तू मला शिकवणार?" साहेब कडाडले.

"विचारताहेत तर सांगा की सरळ," दारातून बायको म्हणाली. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागातच त्यांनी सील ठोकलं आणि हाताला लागली ती बाटली प्रयोगशाळेला धाडली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, तुमची तेलाची रिकामी बाटली कुठे गेली? रॉकेल भरून ठेवणार होते."

"मी इथे मोठ्या कामात आहे!" साहेब खेकसले.

पंधरा दिवसांनी अहवाल आला: 'दुधात परके सुगंधी तेल आढळले.' साहेब खुर्चीतून उडालेच! "तेल! फॅट वाढवायला तेल घालतो लबाड!" दूधवाल्याची गाडी थांबवली गेली. सुनावणीत परवाना रद्द झाला, की त्याचा धंदाच संपणार होता. गावभर बोभाटा झाला. घरी दुसऱ्याचं दूध आलं आणि चहा राखेच्या रंगाचा झाला. साहेबांनी तो मिटक्या मारत प्यायला.

"मला नाही पटत," बायको म्हणाली. "दुधात तेल? तेही वासाचं? मी येते सुनावणीला. त्यांच्या बाजूने!"

त्यांच्या बाजूने! साहेबांना रात्रभर झोप नाही. सकाळी त्यांनी नव्या बाटलीतलं दुप्पट तेल थापलं आणि सुनावणीला गेले.

आरोग्य अधिकारी डॉक्टरीणबाईंनी आधी दूधवाल्याकडच्या बाटलीचं सील फोडलं. दूध शुद्ध. मग कचेरीतली बाटली उघडली. तीही शुद्ध!

"एकाच दुधाच्या तीन बाटल्या," बाई म्हणाल्या, "आणि तेल एकीतच कसं?"

प्रयोगशाळेतून परत आलेली बाटली टेबलावर आली. बाईंनी वास घेतला. मग त्या थबकल्या, आणि हळूहळू त्यांचं नाक नळीसाहेबांच्या दिशेने वळलं. शिंपीकाकांचंही वळलं. शिपायाचंही!

"अगंबाई!" बायको पुढे सरसावली. "ही तर आमची रॉकेलची बाटली! हिलाच तर मी शोधतेय!"

साहेब कपाळ पुसायला गेले. हाताला तेल लागलं.

दूधवाल्याचा परवाना कायम राहिला आणि गाडी जागच्या जागी सुटली. नळीसाहेबांना हुकूम सुटला: तीन महिने कचेरीच्या सगळ्या बाटल्या स्वतः धुवायच्या, आणि धुवायचं शिकायचं दूधवाल्याकडून! मिशीचा विषय कचेरीतल्या कारकुनाने काढलाच. वस्तराही त्यानेच आणला.

दूधवाला मास्तर म्हणून कडक निघाला. "साहेब, बुडाशी बघा. अजून एकदा." साहेबांनी बोटं भाजून घेतली, पण आठवड्याभरात हात बसला. मग एक दिवस ते कचेरीच्या वाटेवर बाटल्यांची टोपली घेऊन घरी डोकावले. बायकोने एक बाटली उचलून खिडकीशी धरली.

"अय्या! किती छान धुतल्यात हो!"

बारा वर्षं! बारा वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो आला! साहेबांची छाती फुगली.

"अगदी," ती कौतुकाने म्हणाली, "दूधवाल्यांनी धुतल्यासारख्या!"

साहेबांचा हात सवयीने मिशीकडे गेला. तिथे पिळायला काहीच नव्हतं.